पुलाच्या हिशेबातली बोट

शिकोकू बेटावरच्या ताकामात्सूहून होन्शूवरच्या ओकायामाला जायला मरिन लायनर नावाची गाडी आहे. सेतो समुद्रावरच्या पुलावरून ती तासाभराच्या आत पलीकडे पोचवते आणि दिवसभर साधारण अर्ध्या अर्ध्या तासानं सुटते. मी मात्र मामाला स्टेशनाबाहेर काढून जवळच्या धक्क्यावर नेलं. तिथून बोटीनं नाओशिमा बेट, दुसऱ्या बोटीनं उनो बंदर, तिथून छोट्या गाडीनं ओकायामा, मग हिमेजी आणि संध्याकाळपर्यंत कोबे, असा मी बेत आखला होता. मामाला तो मुळातच मान्य नव्हता.

मामा आयुष्यभर रेल्वेच्या सिग्नल खात्यात होता. आमचं आजोळ रेवसच्या बाजूचं. लाँच, मचवे, होड्या हे सगळं त्यानं लहानपणापासून पाहिलेलं, आणि तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, तो पक्का पुलांचा आणि रुळांचा माणूस आहे. मी कोबेला राहते, बंदरांच्या नियोजनाचं काम करते आणि बोटीची बाजू घेते. आमच्या मतांमागे नुसती आवडनिवड नाही. दोघांनाही त्यात काहीतरी महत्त्वाचं पणाला लागलेलं दिसतं. म्हणून तो वाद इथे मांडते आहे.

"गाडी असताना बोट कशाला?" मामानं धक्क्यावर सरळच विचारलं. "ही बोट पन्नास मिनिटं, मग बेटावर थांबणं, मग आणखी वीस मिनिटांची बोट, मग दोन गाड्या. पुलावरून गेलो असतो तर एव्हाना ओकायामात असतो."

"ज्याला ओकायामाला जायचंय त्याच्यासाठी गाडी आहेच, मामा. मधे जे राहतात त्यांच्यासाठी ही बोट आहे."

"मधे राहतात किती?"

"नाओशिमावर तीनेक हजार. काही बेटांवर शे-दीडशे."

"आणि पुलावरून रोज किती जातात?"

"हजारो."

"मग उत्तर तूच दिलंस."

हा हिशेब इतका सोपा नाही, हे त्याला पटवून देण्यात माझा उरलेला दिवस गेला. त्याच्या बाजूचं बळ मला कळत नव्हतं असं नाही. ताकामात्सू स्टेशनात सगळे रूळ बंदराकडे तोंड करून संपतात, आणि ते तसे का आहेत हे सांगताना मला सुरुवातीलाच त्याच्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा द्यावा लागला. १९१०पासून उनो आणि ताकामात्सू या दोन बंदरांमध्ये रेल्वेच्या स्वतःच्या बोटी चालत. होन्शूवरची गाडी उनोला धक्क्यापाशी येऊन थांबे, बोटीत जागा मिळावी म्हणून लोक फलाटावरून पळत सुटत आणि पलीकडे ताकामात्सूला दुसरी गाडी तयार असे. मालाचे डबे तर रुळांवरून थेट बोटीच्या पोटात ढकलले जात. डेकवर उदोन नावाच्या जाड शेवयांचे गरम वाडगे मिळायचे. वाऱ्यात उभं राहून खाल्लेल्या त्या उदोनची आठवण शिकोकूतली जुनी माणसं आजही काढतात.

"मग बंद का केलं?" मामानं विचारलं.

मी त्याला ११ मे १९५५ची हकीकत सांगितली. सकाळी दाट धुकं होतं. ताकामात्सूहून निघालेली 'शिउन मारू' ही प्रवासी बोट रेल्वेच्याच दुसऱ्या बोटीशी, उनोहून येणाऱ्या मालडब्यांच्या बोटीशी टक्कर होऊन काही मिनिटांत बुडाली. १६८ माणसं गेली. त्यांत सुमारे शंभर शाळकरी मुलं होती, शाळेच्या सहलीला निघालेली, आणि त्यांतही मुली जास्त. जपानमधल्या शाळांत पोहणं शिकवण्याचा आग्रह वाढला त्याला हा अपघात एक मोठं कारण ठरला. आधीच्याच वर्षी, सप्टेंबर १९५४मध्ये, उत्तरेला होक्काइदोच्या वाटेवर 'तोया मारू' तुफानात बुडून अकराशेहून अधिक माणसं गेली होती. तिथे समुद्राखालून बोगदा खोदायचं ठरलं, इथे पूल बांधायचं. दोन्ही कामं पुरी झाली ती एकाच वर्षी. सेइकान बोगदा १३ मार्च १९८८ला उघडला आणि सेतोचा महापूल १० एप्रिलला.

मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे बघ, 'रामदास' बोट बुडाली तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. पण आमच्याकडे १७ जुलै १९४७ ही तारीख घराघरात सांगतात. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, अमावास्येला घरी येणारी माणसं. सहाशेहून अधिक गेली. कोळ्यांनी आपल्या होड्यांतून काहींना वाचवलं, बाकीच्यांची प्रेतं दिवसेंदिवस किनाऱ्याला लागत होती. तुझी पणजी त्या दिवसानंतर कधी लाँचमध्ये बसली नाही. मुंबईला यायचं तर पनवेलवरून फिरून यायची. आता मला सांग, ज्या देशानं एका वर्षात दोन अपघात सोसले आणि तेहतीस वर्षं खपून त्यावर कायमचा उपाय केला, त्या देशाच्या पुलाबद्दल तुझी तक्रार काय?"

"पुलाबद्दल तक्रार नाहीच. पूल झाल्यावर जे झालं त्याबद्दल आहे."

आम्ही निघालो त्या दिवशीही धुकं होतं, पण विरळ. बोट वेळेवर सुटली. पांढऱ्या बोटीवर मोठे लाल ठिपके रंगवलेले, खाली मालाचे ट्रक आणि टपालाची गाडी, वर आम्ही. उजव्या हाताला मेगिजिमा आणि ओगिजिमा ही बेटं येऊन मागे गेली. सेतोच्या या समुद्रात सातशेहून अधिक बेटं आहेत. १९३४मध्ये जपाननं पहिली राष्ट्रीय उद्यानं जाहीर केली, त्यांत या समुद्राचा समावेश होता. पण मामाला देखावा नको होता, मुद्दा हवा होता. मी ओगिजिमाकडे बोट दाखवलं.

"तिथली शाळा मुलं नाहीत म्हणून बंद पडली होती. २०१४मध्ये ती पुन्हा उघडली. दर तीन वर्षांनी या बेटांवर कलेचा मोठा उत्सव होतो, २०१०पासून. त्यानिमित्तानं बेटावर येणं-जाणं वाढलं, काही कुटुंबं परत राहायला आली, त्यांनी शाळा उघडा म्हणून आग्रह धरला. तिथे पूल नाही. फक्त बोट आहे. बोट टिकली म्हणून शाळा उघडता आली."

"एक शाळा."

"ज्या गावात एकच शाळा असते तिथे 'एक' हा आकडा लहान नसतो."

यावर त्यानं धक्क्यावर पाहिलेला बोटींचा फलक आठवून विचारलं, "त्यात ओशिमा असं एक नाव होतं. ते कुठलं बेट?"

हा प्रश्न त्यानं विचारावा असं मला वाटत नव्हतं, कारण त्याचं उत्तर माझ्या बाजूला जड जातं. पण लपवण्यासारखं ते नाही. ओशिमावर १९०९पासून कुष्ठरुग्णांना सक्तीनं नेऊन ठेवत. औषध सापडलं, रोग बरा होऊ लागला, तरी माणसांना अलग ठेवण्याचा कायदा रद्द झाला तो १९९६मध्ये. २००१मध्ये कुमामोतोच्या न्यायालयानं या धोरणासाठी सरकारला दोषी धरलं. ओकायामाच्या बाजूला नागाशिमा नावाचं असंच बेट आहे. तिथली वस्ती १९३०पासूनची. नागाशिमा आणि समोरचा किनारा यांच्यात पाणी किती? अरुंद जागी जेमतेम तीस मीटर. त्या तीस मीटरांवर पूल व्हावा म्हणून तिथले रहिवासी वर्षानुवर्षं मागणी करत राहिले. तो पूल झाला मे १९८८मध्ये. माणसाला माणूसपण परत देणारा पूल म्हणून तो ओळखला जातो.

मामा बाकावरून उठून कठड्यापाशी गेला. परत आला तेव्हा त्याचा आवाज चढला होता. "मग तू कसली बोटीची बाजू घेतेस? तीस मीटर पाणी! माणसाला कोंडायला तुरुंगाची भिंत लागत नाही, तीस मीटर पाणी पुरतं. बोट सोडायची की नाही हे दुसऱ्याच्या हातात असतं. पूल एकदा झाला की कोणाला विचारावं लागत नाही. ही पुलाची खरी थोरवी आहे, वेग नव्हे."

या दिवसभरातलं त्याचं हे सर्वांत महत्त्वाचं वाक्य होतं, असं मला अजूनही वाटतं. बोटीबद्दल बोलताना आम्ही किनाऱ्यावरची माणसं तिच्या संथपणाचं कौतुक करतो. संथपणाचं कौतुक त्यालाच परवडतं ज्याला परत जायचं तिकीट हातात आहे.

"ते मला मान्य आहे," मी म्हणाले. "पण नागाशिमाचा पूल कोणी मागितला ते बघ. बेटावर राहणाऱ्यांनी. त्यांच्यासाठी तो झाला. आणि ओशिमाला पूल झालाच नाही. अंतर फार आहे. तिथे काय केलं? पूर्वी सरकारी बोट होती, आता २०१९पासून तिथली बोट नियमित प्रवासी बोट झाली. कोणीही चढावं, कोणीही उतरावं. नागाशिमाला जे काम पुलानं केलं तेच इथे बोटीनं केलं. बोट तुरुंगाची असते ती कायद्यामुळे, पाण्यामुळे नाही."

"बोटीचं वेळापत्रक उद्या कोणी रद्द केलं तर?"

"तेच तर मी म्हणते आहे. ते रद्द करता येऊ नये."

नाओशिमावर आम्ही दुपारपर्यंत थांबलो. बेटाबद्दल बरंच लिहून झालंय, म्हणून थोडक्यात सांगते. ताकामात्सूची बोट लागते त्या मियानोउरा बंदराशीच कलाकार कुसामा यायोईचं लाल भोपळ्याचं शिल्प आहे. तिचा पिवळा भोपळा बेटाच्या दुसऱ्या टोकाला. तो २०२१च्या तुफानात वाहून गेला होता आणि पुढच्या वर्षी पुन्हा बसवला. वास्तुकार अंदो तादाओनं बांधलेलं चिचू संग्रहालय २००४चं, जवळजवळ पूर्णपणे जमिनीच्या पोटात. संग्रहालय आणि पिवळा भोपळा बेटाच्या दक्षिणेला. उत्तरेला १९१७पासून तांबं गाळण्याचा कारखाना आहे. प्रवासी तिकडे फारसे जात नाहीत, पण बेटाची रोजीरोटी कित्येक पिढ्या त्यावर चालली.

मी मामाला उत्तरेची गोष्ट सांगितली. शेजारच्या तेशिमा बेटावर एका कंत्राटदारानं वर्षानुवर्षं कारखान्यांचा विषारी कचरा बेकायदा आणून टाकला, जाळला. १९९०मध्ये पोलिसांनी छापा घातला तेव्हा तो थांबला. रहिवाशांनी पुढे दहा वर्षं लढा दिला. २०००मध्ये तडजोड झाली, कागावा प्रांताच्या प्रमुखानं माफी मागितली, आणि तो कचरा बोटीनं नाओशिमाला आणून इथे वितळवून निकाली काढायचं ठरलं. नऊ लाख टनांहून अधिक माल होता. शेवटची खेप गेली २०१७मध्ये.

"कोणाचं लक्ष नसतं तिथेच असा कचरा पडतो," मामा म्हणाला. "पूल असता, चार माणसं रोज येती-जाती तर कोणाची हिंमत झाली नसती."

"येत-जात होतीच माणसं. तेशिमाचे लोक सुरुवातीपासून ओरडत होते. ऐकणाऱ्यांनी ऐकलं नाही. कमी माणसं राहतात म्हणजे त्यांच्या तक्रारीचं वजन कमी, असा हिशेब धरला गेला. सकाळी तू मला हाच हिशेब विचारलास."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मान्य केलं असं नाही, पण पुढे त्यानं डोकी मोजली नाहीत.

नाओशिमावर हायस्कूल नाही. मोठी मुलं रोज बोटीनं समोरच्या किनाऱ्यावर शिकायला जातात. आम्ही उनोच्या बोटीत चढत होतो तेव्हा उतरणाऱ्यांत गणवेशातली अशी काही मुलं होती. मामा त्यांच्याकडे पाहत राहिला.

उनो बंदर मी मुद्दाम दाखवायला निवडलं होतं. एकेकाळी तोक्योहून रात्रीची गाडी इथपर्यंत येत असे. शिकोकूला जाणारा बहुतेक प्रत्येक माणूस या फलाटावरून चालत बोटीकडे गेलेला. आज स्टेशन लहान आहे. एका कलाकार बाईंनी त्याच्या भिंतींवर काळ्या-पांढऱ्या रेघा काढल्यात. समुद्रातल्या कचऱ्यातून घडवलेला मोठा मासा बंदरावर उभा आहे. गाडी छोटी, एका चालकावर चालणारी. मामा थेट पुढच्या काचेपाशी जाऊन उभा राहिला आणि पाचच मिनिटांत त्याचा चेहरा खुलला. चालक पांढऱ्या हातमोज्यातलं बोट प्रत्येक सिग्नलकडे रोखून त्याची स्थिती मोठ्यानं म्हणत होता. गाडीत ऐकायला दुसरं कोणी कर्मचारी नाही, तरी म्हणत होता.

"आपल्याकडे ड्रायव्हर आणि असिस्टंट एकमेकांना सिग्नल पुकारून सांगतात," मामा म्हणाला. "हा स्वतःलाच पुकारून सांगतोय. डोळ्यानं पाहिलं ते हातानं आणि तोंडानं पक्कं करायचं. अपघात इथे अडतो, कार्यालयात नाही."

चायामाचीला गाडी बदलायची होती. उनोहून येणारा रूळ आणि पुलावरून येणारा रूळ इथे एकत्र येतात. पुलावरून आलेली मरिन लायनर भरलेली होती. आमची गाडी अर्धी रिकामी.

"हे बघ," मामा म्हणाला. "लोकांनी पायांनी मत दिलंय. जुनी वाट वाईट होती म्हणून नव्हे, नवी चांगली आहे म्हणून. यात अन्याय कुठला?"

इथे मला माझा खरा मुद्दा मांडायला मिळाला. रेल्वेच्या मोठ्या बोटी १९८८ला थांबल्या तरी खासगी कंपन्यांच्या मोटारी नेणाऱ्या बोटी उनो–ताकामात्सूमध्ये रात्रंदिवस चालत होत्या, कारण पुलाचा टोल महाग होता. ट्रकवाल्यांना बोट स्वस्त पडे, वर तेवढा वेळ झोप मिळे. २००९मध्ये सरकारनं सुट्टीच्या दिवशी मोटारींचा टोल हजार येनवर आणला. पुलाला येणारा तोटा करातून भरला जाणार होता. बोटीचं डिझेल मात्र बोटवाल्यानंच भरायचं. २०१२मध्ये एका कंपनीनं सेवा थांबवली. डिसेंबर २०१९मध्ये शेवटची बोटही थांबली. शंभराहून अधिक वर्षांची उनो–ताकामात्सू वाट बंद झाली. आज थेट बोट नाही. आम्ही आलो तसं नाओशिमावरून यावं लागतं.

"लोकांनी मत दिलं म्हणतोस. पण तराजूच्या एका पारड्यात सरकारनं हात ठेवला होता. पुलाला मदत आणि बोटीला बाजाराचा नियम. दोघांना एकच नियम लावला असता आणि मग बोट हरली असती, तर मी काही बोलले नसते."

मामा रेल्वेचा माणूस. त्याला हे समजावून सांगावं लागलं नाही. "शाखा मार्गांचं असंच झालं आपल्याकडे," तो सावकाश म्हणाला. "शेजारून सरकारी पैशानं चौपदरी रस्ता बांधायचा, आणि मग लाइन तोट्यात जाते म्हणून बंद करायची. रस्त्याचा तोटा कोणी विचारत नाही, कारण रस्त्याला ताळेबंद नसतो."

"बोटीला असतो."

"पण तरी," त्यानं बोट वर केलं, "तोटा आहे तो आहे. तो कोणीतरी भरायचाच. कोण?"

"पूल. पुलाच्या खर्चात सिमेंट, पोलाद, मजुरी धरली. त्या पुलामुळे ज्यांची वाट अडचणीत येणार त्यांची बोट चालू ठेवण्याचा खर्चही त्यातच धरायचा. पहिल्या दिवसापासून."

ओकायामाला आम्ही शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, घेतली, फक्त हिमेजीपर्यंत. मामानं एवढी सवलत मिळवली होती. खिडकीतून फारसं काही दिसत नाही, बोगदे पुष्कळ. पण मामा डोळे मिटून गाडीचा आवाज ऐकत होता. १९६४ला ही सेवा सुरू झाली. तेव्हापासून गाडी घसरून किंवा आदळून शिनकान्सेनच्या एकाही प्रवाशाचा जीव गेलेला नाही. त्यानं हे मला दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा मी मनापासून ऐकलं. मुंबई–अहमदाबाद मार्गावर हेच तंत्र येतंय, याचा त्याला अभिमान आहे.

हिमेजीच्या फलाटावरून पांढरा किल्ला दिसतो. तो पाहून आम्ही साध्या मार्गावरच्या जलद गाडीत बसलो. हाच मार्ग कोबेवरून पुढे आमागासाकीकडे जातो. मला बोलायचं होतं ते आमागासाकीबद्दल.

२५ एप्रिल २००५. फुकुचियामा मार्गावरची गाडी दीडेक मिनिट उशिरा धावत होती. चालक तेवीस वर्षांचा. आधीच्या एका स्टेशनावर गाडी फलाटाच्या पुढे गेली होती. उशीर आणि चुकांसाठी चालकांना अपमानास्पद शिक्षेचं 'प्रशिक्षण' दिलं जाई, त्याची त्याला धास्ती होती. सत्तरची मर्यादा असलेल्या वळणावर गाडी ताशी ११६ किलोमीटरनं शिरली आणि रुळांलगतच्या इमारतीत घुसली. चालकासह १०७ माणसं गेली.

मामाला हा अपघात तपशिलानं माहीत होता. सिग्नल खात्यातल्या कोणालाही माहीत असतो. "वेग जास्त झाला की आपोआप ब्रेक लावणारी नवी यंत्रणा त्या वळणावर बसवलेली नव्हती," तो म्हणाला. "पोरावर खापर फोडणं सोपं आहे. वेळापत्रक घट्ट आवळायचं, यंत्रणा बसवायला उशीर करायचा आणि दीड मिनिटाची किंमत त्या एकट्याकडून वसूल करायची. मी असतो तर त्या वेळापत्रकावर सही करणाऱ्यांना प्रथम विचारलं असतं."

"मामा, मी बोटीबद्दल हेच म्हणते आहे. वेगाचा फायदा सगळ्यांना, आणि त्याचा खर्च जो सर्वांत लहान त्याच्या नावावर. तिथे तेवीस वर्षांचा चालक, इथे शंभर माणसांचं बेट."

तो काही वेळ गप्प बसला. "दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत," शेवटी म्हणाला. "तिथे माणसं मेली. इथे गैरसोय झाली. असं एका दावणीला बांधू नकोस." हे त्याचं बरोबर होतं, आणि मी ते तसंच ठेवते. पण खर्च कोणाच्या खात्यावर मांडायचा हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे, यावर मी ठाम आहे.

आकाशी आलं. जपानची प्रमाण वेळ ज्या १३५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते ते याच शहरातून जातं. तारांगणाच्या मनोऱ्यावरचं घड्याळ गाडीतून दिसतं. मामानं आपलं मनगटी घड्याळ पडताळलं. पुढे रूळ अगदी समुद्रालगत येतात आणि गाडी आकाशी-काइक्यो पुलाखालून जाते. १९९८ला उघडला तेव्हा त्याचा १९९१ मीटरांचा मधला गाळा जगात सर्वांत लांब होता. बांधकाम चालू असतानाच १९९५चा कोबेचा भूकंप झाला, मनोरे जवळजवळ एक मीटरनं दूर सरकले, आणि तरी पूल उभा राहिला. मामा खिडकीला कपाळ टेकवून तो दिसेनासा होईपर्यंत पाहत होता.

"यावरून पायी जाता येतं का?" त्यानं विचारलं.

"नाही. सायकल नाही, छोटी स्कूटरही नाही. रूळ नाहीत. मोटारींसाठीच आहे, बसही जाते. मोटारी नेणारी इथली बोट २०१०मध्ये बंद पडली. पण आकाशीहून आवाजी बेटावर जाणारी माणसांची छोटी बोट टिकली. २०१५मध्ये तिच्यासाठी नवी बोट आली, तीत सायकली आणि लहान दुचाक्या चढवता येतात."

"का टिकली?"

"कारण पुलावरून ज्यांना जाता येत नाही अशी माणसं अजून आहेत, हे लोकांनी लक्षात ठेवलं."

कोबेला उतरताना मामानं आपलं मत सांगितलं, आणि ते मी त्याच्याच शब्दांत देते. "पूल हवाच. त्यात मी तसूभर हलणार नाही. 'रामदास' आणि 'शिउन मारू' ज्यांना माहीत आहेत त्यांनी हलूही नये. पण पूल मंजूर करताना ज्या कागदावर सही होते, त्याच कागदावर बोटीची तरतूद असावी, हे मला मान्य. वेगळा कागद केला की तो पहिल्या काटकसरीत फाटतो."

माझा निकाल याहून फार वेगळा नाही. सेतोच्या बेटांवर १९६२पासून 'साइसेइ मारू' नावाची दवाखान्याची बोट फिरते, माणसांची तपासणी करते. तिच्याकडून कोणी नफ्याची अपेक्षा ठेवत नाही. प्रवासी बोटीकडेही त्याच नजरेनं पाहायला हवं होतं. जपाननं पूल बांधण्यात जी हिंमत दाखवली ती बोट राखण्यात दाखवली नाही, असं मला वाटतं.

हे मराठीत लिहिण्याचं कारण आपल्या किनाऱ्यावर आहे. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाच्या कामात खाड्यांवर एकेक पूल येऊ घातला आहे. दाभोळ–धोपावे, वेसवी–बागमांडला, जयगड–तवसाळ, दिघी–आगरदांडा इथे आज फेरीबोटी चालतात, आणि खाडीकाठच्या कित्येक वाड्यांसाठी पुलाचं तोंड बोटीच्या धक्क्यापेक्षा फार लांब पडणार आहे. पूल जरूर मागा. पण तुमच्या गावात त्याची बैठक होईल तेव्हा आराखड्याचं ते पान उघडून दाखवायला सांगा, ज्यावर पूल झाल्यानंतर बोट कोण चालवणार आणि कोणाच्या पैशानं, हे लिहिलेलं असेल. ते पान नसेल तर ते जोडल्याशिवाय बैठकीतून उठू नका.